खंडेनवमीचे प्लग

प्लग काढायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, प्लग उजेडाकडे धरून फिरवून बघायचा आणि मग एकच शब्द बोलायचा, ही नंदकुमारची पद्धत होती. "उपाशी." किंवा "खादाड." किंवा क्वचित, "ठीक." वैद्य जीभ बघून पोटातलं सांगतो, तसा हा माणूस प्लगचं टोक बघून इंजिनाच्या पोटातलं सांगायचा. टोक काळं असलं तर काजळी धरलेली, पांढरंफटक असलं तर जळायला आलेलं, आणि मारी बिस्किटाच्या रंगाचं असलं की समजायचं, सगळं सुखात चाललंय. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या त्याच्या गाळ्यात लोक पनवेल-ठाण्याहून गाड्या घेऊन यायचे ते या एका शब्दासाठी. अशा माणसावर स्वतःच्या पोरीसाठी तीन प्लग निवडायची वेळ आली आणि त्याचं सगळं शहाणपण तोकडं पडलं, त्याची ही गोष्ट.

पोरगी म्हणजे वैदेही. साल सत्त्याण्णव. नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत तिच्या वयाच्या मुली कॉम्प्युटरचे क्लास करत होत्या. तोही तिनं केला होता, पण रविवार उजाडला की बाईसाहेब जुनी मारुती घेऊन खारघरला. खारघर तेव्हा नकाशावर वसलं होतं, जमिनीवर नव्हतं. डोंगर, गवत, सिडकोनं सपाट करून ठेवलेली मोकळी मैदानं आणि धूळ. त्या धुळीत ती गाडी अशी वळवायची की बघणारा दोन पावलं मागे सरावा. तिथल्याच शर्यतींत तिनं दोनदा मुलांच्या नाकावर टिच्चून नंबर काढला होता.

गाडी नंदकुमारनं घडवलेली. हेड घासून इंजिनाचा दाब वाढवला, कार्बोरेटर मोठा बसवला, वजन कमी करायला मागची सीट काढली. ती सीट घराच्या माळ्यावर पडली होती आणि त्याच्या बायकोनं, स्मितानं, त्यावर गाद्या रचून ठेवल्या होत्या. "पाहुणे आले की नवऱ्याची अक्कल झाकायला बऱ्या पडतात," असं ती म्हणायची. बोलायची असं, पण पोरीच्या फोटोची कात्रणं तीच जपून ठेवायची.

गणपतीच्या आधी वैदेहीचं लग्न ठरलं. मुलगा शौनक, वाशीचा, चांगला मोकळ्या मनाचा. ती गाडी पळवते याचं त्याला कौतुकच होतं. प्रश्न होता त्याच्या वडिलांचा. भोसेकर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, शब्दाला पक्के आणि वागायला अत्यंत सभ्य. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, ही मोठी अडचण असते. बैठकीत ते शांतपणे म्हणाले होते, "हे बघा नंदकुमार, शर्यतीच्या एखाद्या संघानं बोलावून घेतलं तर ती मानाची गोष्ट. मग आम्हीच पेढे वाटू. पण नुसताच नाद असेल, तर तो लग्नाआधी संपलेला बरा. आमच्या घरात सुनेनं हातपाय मोडून घ्यावेत असं आम्हाला वाटत नाही."

यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. शौनक वैदेहीला म्हणाला, "बाबा बोलले ते पाळतील. संघाचं पत्र आण फक्त." आणि खारघरच्या दसऱ्याच्या शर्यतीला कोइमतूरच्या एका संघाचा माणूस येणार होता. पहिल्या दोघांत जो येईल त्याला पुढच्या मोसमासाठी गाडी देणार, असं त्यानं आधीच कळवलं होतं. लग्न मार्गशीर्षातलं. म्हणजे वैदेहीच्या हातात ही एकच शर्यत. पहिल्या दोघांत आली तर गाडी चालवायची, नाहीतर जन्मभर शेजारच्या सीटवर बसायचं.

आता प्लगचं. गरम प्लग आणि थंड प्लग असे दोन प्रकार असतात. गरम प्लग इंजिनातली उष्णता टोकाशी धरून ठेवतो, त्यामुळे टोकावरची काजळी आपोआप जळून जाते. हळू, अडखळत चालणाऱ्या गाडीला तो बरा. थंड प्लग उष्णता झटकन सोडून देतो. सतत सुसाट पळणाऱ्या गाडीला तो हवा. उलटापालट केली की फजिती. थंड प्लग लावून हळू चाललात तर काजळी धरते आणि गाडी खोकायला लागते. गरम प्लग लावून सुसाट सुटलात तर त्याचं टोक निखारा होतं, ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि एका क्षणी पिस्टनला भोक पडतं. नंदकुमारकडे दोन्ही संच होते, तीन सिलिंडरचे तीन तीन. गरम बाजारात कुठेही मिळणारे. थंड मात्र एका गिऱ्हाइकानं सिंगापूरहून आणून दिलेले, तसले मुंबईत शोधून सापडले नसते.

शर्यतीचा मार्ग आखला होता तो सगळा वळणांचा. ड्रम ठेवून केलेली अरुंद वळणं, पहिल्या-दुसऱ्या गिअरचं काम. सरावाच्या दिवशी थंड प्लग लावून वैदेहीनं गाडी सोडली तर दर वळणातून निघताना ती ठसकायला लागली. प्लग काढून बघतो तर तिन्ही काळेकुट्ट. नंदकुमारनं गरम प्लग लावले, आणि गाडी वळणातून अशी निघाली की वैदेही खिडकीतून मान काढून हसली. प्लग पुन्हा काढून त्यानं उजेडाकडे धरले. मारी बिस्किट. "ठीक," तो म्हणाला. निवड बरोबर होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी काहीबाही बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गाळ्यात लेथ धुऊनपुसून झाला, मशिनांना झेंडूच्या माळा चढल्या. पाट मांडून त्यावर पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोड्या, मापं असं सगळं ओळीनं ठेवलं आणि शिवरामनं प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं. शिवराम हा गाळ्यातला भागीदार. सगळं झाल्यावर त्यानं थंड प्लगची डबीही उचलून पाटावर ठेवली. "पोरीची वस्तू हाय," म्हणाला, "देवीची नजर पडू द्या." नंदकुमारला ते आवडलंच.

त्यांच्या गाळ्याचा एक नियम होता. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याचा सूर्य उगवेपर्यंत हात लावायचा नाही, आणि उगवल्यावर पहिला पाना दोघांनी मिळून उचलायचा. नियम शिवरामचा, पण त्यामागचं कारण नंदकुमारनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दोघं पूर्वी एकाच कारखान्यात होते. तिथं एका खंडेनवमीला सुपरवायझरनं अर्जंट माल आहे म्हणून पुजलेला प्रेस चालवायला लावला आणि शिवरामची दोन बोटं त्याखाली गेली. दवाखान्यापर्यंत त्याचं मनगट घट्ट आवळून धरलं होतं ते नंदकुमारनं. प्रेसचा गार्ड मोडका होता, देवीचा काही संबंध नव्हता, हे त्याला कळत होतं. पण ज्याची बोटं गेली त्याला हे सांगायला तोंड कुठून आणायचं? म्हणून तो नियम पाळत आला होता.

संध्याकाळी दिवेलागणीला घरी फोन वाजला. शर्यतीच्या आयोजकांचा. सिडकोच्या डंपरनी मैदानाच्या वळणांच्या बाजूवर मुरमाचे ढीग ओतून ठेवले होते. सणाच्या दिवशी ते उचलणार कोण? तेव्हा मार्ग बदलला होता. आता पलीकडची लांब बाजू. दोन सरळसोट पट्टे, टोकाला एकेक वळण, दहा फेऱ्या. म्हणजे पाय दाबून सुटायचं ते शेवटपर्यंत.

नंदकुमारनं फोन ठेवला आणि तो तिथंच स्टुलावर बसला. गाडीत गरम प्लग होते. थंड प्लग पाटावर देवीसमोर होते, गाळ्याला कुलूप होतं, किल्ली शिवरामकडे होती. पहाटे उजाडायच्या आत गाड्या तपासून बॉनेटला लाखेचं सील ठोकणार होते, म्हणजे मग आत हात घालता येणार नव्हता. सूर्य उगवेपर्यंत थांबायला वेळच नव्हता. त्यानं स्कूटर काढली आणि तुर्भे गाठलं.

शिवराम घराच्या दारातच खाटेवर बसला होता. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग आत जाऊन किल्ली आणली आणि खाटेवर दोघांच्या मध्ये ठेवली.

"घ्या," तो म्हणाला. "पोरीचं काम हाय. मी काय अडवनार नाय."

"तुम्ही येता बरोबर?" नंदकुमारनं विचारलं.

"ते मला नाय जमायचं, नंदूशेठ. तुमी जावा. कायतरी झालं तर माज्या मनाला लागंल, येवडंच. तुमाला मी दोष देनार नाय."

किल्ली ठेवताना त्याचा उजवा हात पुढे आला होता. दोन बोटांच्या जागी गुळगुळीत कातडी. नंदकुमारनं त्या हाताकडे पाहिलं आणि त्याचा स्वतःचा हात काही पुढे जाईना. नाही म्हटलं असतं तर तो भांडला असता, चिडून किल्ली हिसकावली असती. शिवरामनं अडवलंच नाही, तिथं तो अडकला. पिस्टन टिकेल का? दहाच फेऱ्या आहेत, पहाटेची हवा गार असते, धुळीत गाडी पूर्ण वेग घेतच नाही. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा हुशार वकील नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "निभावेल." शिवरामनं मान हलवली. किल्ली तशीच खाटेवर राहिली.

पहाटे मैदानावर जाताना त्यानं वैदेहीला सगळं खरं सांगितलं. ती गाडी चालवत होती. तिनं गिअर बदलला.

"शिवरामकाकांना काही बोलू नका," मग ती म्हणाली. "त्यांचा काय दोष?"

"मी वळणापाशी उभा राहतो. इंजिनाचा आवाज मला बाहेरून कळेल, तुला हेल्मेटमधून कळणार नाही. आतून खडखड यायला लागली, नॉकिंग लागलं, तर मी टॉवेल वर करीन. दिसला की पाय उचलायचा. सरळ उचलायचा, विचार करायचा नाही."

"आणि नाही उचलला तर?"

"तर पिस्टनला भोक. इंजिन जागेवर आवळलं तर त्या वेगात गाडी कुठं जाईल सांगता येत नाही."

"बरं," ती म्हणाली. लहानपणी रस्ता ओलांडताना म्हणायची तसंच.

टॉवेल स्मिताचा होता, गुलाबी, मोठ्या मोठ्या फुलांचा. मैदानावरच्या कुठल्याही झेंड्याशी त्याचा घोळ होणं शक्य नव्हतं. तो खांद्यावर टाकून नंदकुमार वळणापाशी उभा राहिला. बॉनेटला सील लागलं होतं. आता प्लग बदलायचे म्हटले तरी देवाच्या बापाला बदलता आले नसते. भोसेकर शौनकला घेऊन आले होते. हातात आपट्याच्या पानांची पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा, त्यावर धूळ बसत होती तरी त्यांची तक्रार नव्हती. संघाचा माणूस टोपी घालून एका ड्रमवर बसला होता.

शर्यत सुटली. वैदेही पहिल्या वळणाला चौथी होती, दुसऱ्या फेरीत तिसरी, तिसऱ्या फेरीत दुसरी. सरळ पट्ट्यावर ती समोरच्या गाडीच्या धुळीतून बाजूला सरकून अशी काही सुटली की शौनक दोन्ही हात वर करून नाचायला लागला. चौथ्या फेरीला ती पहिली. पाचवीला पहिली, मागच्या दोघांना बरंच अंतर देऊन. संघाचा माणूस ड्रमवरून उठून उभा राहिला होता. नंदकुमारला मात्र काही दिसत नव्हतं. तो डोळे मिटून ऐकत होता.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी धापा टाकत येऊन उभं राहिलं. शिवराम. सूर्य उगवल्या उगवल्या त्यानं एकट्यानंच गाळा उघडला होता आणि मिळेल त्या टेम्पोत बसून आला होता. एका खिशात प्लगची डबी, दुसऱ्यात प्लग पाना, त्यावर कुंकू तसंच. सील लागायला उशीर होईल अशी त्याला आशा होती. पळणाऱ्या गाड्यांकडे बघून त्याचा चेहरा पडला.

"उशीर झाला," तो म्हणाला. नंदकुमारनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सातव्या फेरीला आवाज आला. डब्यात वाटाणे हलवावेत तसा, बारीक, कोरडा. शंभर माणसांत तो दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. शिवरामला आला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आठव्या फेरीला तोच आवाज, जरा मोठा. वैदेही अजून पहिली. दोन फेऱ्या राहिल्या होत्या.

त्या काही क्षणांत नंदकुमारचं काय झालं ते त्याचं त्यालाच ठाऊक. टॉवेल वर केला तर पोर पाय उचलणार, हे नक्की. ती कधीच मोडत नव्हती त्याचा शब्द. पाय उचलला की सगळं संपलं. नाही वर केला तर इंजिन दोन फेऱ्या टिकेल किंवा नाही टिकणार. नाही टिकलं तर त्या वेगात, त्या वळणावर, पोर आत. इंजिनाचं त्याला काही नव्हतं. असली दहा इंजिनं त्यानं ओवाळून टाकली असती. त्याला नुसती तिची मान दिसत होती, हेल्मेटखालची, बारीक. ती वळणाकडे येत होती आणि वाटाणे आता खडखडत होते.

त्यानं टॉवेल वर केला.

गाडीचा आवाज उतरला. तत्काळ उतरला. क्षणभराचाही विचार केला नव्हता तिनं. धूळ खाली बसली आणि त्या धुळीतून एक गाडी पुढे गेली, मग दुसरी, मग आणखी दोन. वैदेहीनं उरलेल्या फेऱ्या हळूहळू, रस्त्यावरून घरी जावं तशा पूर्ण केल्या. पाचवी आली. संघाचा माणूस पहिल्या दोन गाड्यांकडे चालत गेला. त्यानं वळून एकदा तिच्या गाडीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि पुढे गेला.

वैदेहीनं गाडी बाजूला घेतली. सील कापलं गेलं, बॉनेट उघडलं. शिवरामनं खिशातला पाना काढून नंदकुमारपुढे धरला, आणि त्यानं दांड्याचं दुसरं टोक धरल्यावरच हात सोडला. मग नंदकुमारनं एकेक करून प्लग काढायला घेतले.

पहिला पांढरा पडला होता, पण जळला नव्हता. तिसराही तसाच. मधला सगळ्यात जास्त तापणारा, तो त्यानं उजेडाकडे धरला. पिस्टन वितळायला लागला की त्याचे कण प्लगच्या टोकावर येऊन चिकटतात, जस्ताच्या रव्यासारखे चमकतात. एक जरी कण दिसला असता तर टॉवेल बरोबर होता. नंदकुमारनं प्लग फिरवून फिरवून बघितला. टोक पांढरं होतं, कड शाबूत होती, टोकाच्या चिनी मातीला साधा फोडही नव्हता. कण नव्हता. एकही नव्हता. या प्लगवर पिस्टन दोन फेऱ्या आरामात टिकला असता, तीनही टिकला असता.

"बाबा?" वैदेही हेल्मेट काढून, ओढणी खांद्यावर घेऊन त्याच्यामागे उभी होती. "काय म्हणतोय प्लग?"

प्लग वाचायला त्यानंच तिला शिकवलं होतं. त्यानं मूठ मिटली. प्लग कडकडीत तापलेला होता, तळवा भाजत होता, पण मूठ उघडायची त्याची तयारी नव्हती.

"नसतं टिकलं," तो म्हणाला.

भोसेकर तोवर जवळ आले होते. त्यांचा चेहरा खरोखरच आनंदी होता, त्यात कुत्सितपणाचा लवलेश नव्हता. "नंदकुमार, वेळेवर थांबवलंत ते उत्तम केलंत. नाहीतर काय झालं असतं, बघवत नव्हतं हो. झालं, हौस फिटली. पोर सुखरूप आली, यातच सगळं आलं." त्यांनी पिशवीतून आपट्याची पानं काढली. "सोनं घ्या. सोन्यासारखं राहा."

शौनक मागे उभा होता, खाली बघत. त्याच्या वडिलांनी आपला शब्द पाळला होता.

नंदकुमारनं सोनं घ्यायला डावा हात पुढे केला, मग सणाचं आठवून थबकला. उजवी मूठ उघडता येत नव्हती. वैदेहीनं ते पाहिलं. ती पुढे आली, त्याचं मनगट धरलं आणि एकेक बोट हळूच सोडवलं. तळव्यावर लालभडक चट्टा उठला होता. प्लग तिनं ओढणीच्या टोकात घेतला आणि उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. नंदकुमार तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, ती ओरडेल, रडेल, निदान एक शब्द तरी बोलेल.

तिनं प्लग परत त्याच्या खिशात टाकला.

"हात भाजलाय तुमचा," ती म्हणाली. "शिवरामकाका, पाणी आहे का कुणाकडे बघा ना."

मग ओढणी डोक्यावरून सारखी करून ती सासऱ्यांच्या पाया पडली आणि दोन्ही हात पुढे करून तिनं सोनं घेतलं.